यंत्राला दिलेले मुखत्यारपत्र



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार शहाण्या माणसांचे ऐकावयास जमण्याची चांगली चाल महाराष्ट्रात पडली. आज चालकांनी शहाण्या माणसाऐवजी आम्हांस उभे केले आहे, हे त्यांचे धाडस होय. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर पुष्कळ झाले. कायद्याची पुस्तके वकिलांकडून उसनी आणून वाचली, आणि संगणक तर पन्नाशी ओलांडल्यावर संघटनेतल्या पोरांकडून शिकलो. तेव्हा भाषणात काही चुकले तर ते आमच्या नावावर मांडा. जे बरे असेल ते त्या पोरांचे आहे.

आजचा विषय ऐकावयास नवा वाटेल. संगणकावर प्रोग्राम लिहिणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र आता निघाले आहे. त्याला कोडिंग एजंट म्हणतात. त्याला दुरून, आपल्या मोबाईलवरच्या टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपमधून हुकूम देता येतो. हा हुकूम कसा द्यावा, कुणी द्यावा, आणि दिलेला हुकूम मागे कसा घ्यावा, याविषयी आम्ही बोलणार आहोत. हा विषय फक्त इंजिनिअरांचा आहे असे आपणांस वाटत असेल. आम्हांसही तसेच वाटत होते. एका मावशीने तो आमच्या दारात आणून ठेवला. ती हकीकत पुढे सांगतो.

प्रथम यंत्राची ओळख. आपण प्रश्न विचारावा आणि त्याने उत्तर द्यावे, एवढ्यावर हे यंत्र थांबत नाही. हा एजंट ज्या संगणकावर बसवला असेल, तेथल्या फायली तो स्वतः उघडतो, वाचतो, प्रोग्राम लिहितो, तो चालवून पाहतो, चुकला तर दुरुस्त करतो आणि पुन्हा चालवतो. म्हणजे त्याला तोंड आहे तसे हातही आहेत. तोंडाने चुकणाऱ्याला आपण हसतो. हात चालवणारा चुकला म्हणजे मात्र मोडतोड होते.

आता दुरून हुकूम कसा पोचतो ते पाहू. टेलिग्रामवर आपण एक बॉट तयार करतो, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामने चालवायचे खाते. ते खाते ज्या किल्लीने चालते तिला टोकन म्हणतात. आकडे आणि अक्षरे मिळून झालेली ती एक लांबलचक ओळ असते. आपण गावाहून निरोप लिहितो, तो टेलिग्रामच्या यंत्रणेत जाऊन पडतो. कार्यालयातला संगणक थोड्या थोड्या वेळाने तेथे जाऊन विचारतो, ‘आमच्या नावची चिठ्ठी आहे का?’ चिठ्ठी असेल तर ती आणून एजंटापुढे ठेवतो. यात एक बरे आहे. आपल्या संगणकाचे दार बाहेरच्या जगाला उघडे ठेवावे लागत नाही. पोस्टात जाऊन पत्र विचारणे वेगळे आणि पोस्टमन येईल म्हणून रात्रभर दार उघडे टाकून निजणे वेगळे.

ही दुरून हाकण्याची कला आपल्या शेतकऱ्यांना परकी नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचे साधन तयार केले. त्याने शेतकरी घरी बसून मोबाईलवरून विहिरीवरची मोटर चालू-बंद करू शकतो, आणि तेथे वीज आली आहे की नाही हेही त्याला कळते. रात्री-अपरात्री लाइट आली म्हणून साप-विंचवातून शेतावर धावणाऱ्या माणसाला हे वरदानच होय. परंतु एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. भाऊ विहिरीत उतरून पंप दुरुस्त करीत आहे, आणि दुसऱ्या भावाने घरून मोबाईलचे बटण दाबले! म्हणून जाणता वायरमन काय करतो? खांबावर चढण्यापूर्वी तो डीपीवरचा फ्यूज काढतो आणि स्वतःच्या खिशात ठेवतो. ‘कुणी चालू करू नका’ असे ओरडून तो वर चढत नाही. ओरडणे वाऱ्यावर जाते. खिशातला फ्यूज कुठे जात नाही. आजच्या भाषणातून एवढी एक गोष्ट घरी नेलीत तरी आमचे काम झाले.

आता आमची हकीकत. आपला बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे, हे येथे सांगावयास नको. दसरा झाला की टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडावयाचा असतो. सगळा संसार त्या उचलीच्या हिशेबावर टांगलेला असतो. किती टन तोडले, कोणत्या दराने, किती फिटले, किती राहिले, हे मुकादमाच्या वहीत असते, आणि कामगाराला वाचता येत नसेल तर ती वही त्याच्या दृष्टीने देवाघरचा लेख होऊन बसते. म्हणून आमच्या संघटनेने ठरवले की कामगारांची आपली वही पाहिजे. पूर्वी ती कागदावर होती. पुढे पोरांनी तिचा संगणकावर प्रोग्राम केला.

हा प्रोग्राम ज्याने उभा केला तो मुलगा हंगामात आईबापांबरोबर दूरच्या जिल्ह्यात असतो. दिवसभर मोळ्या वाहतो आणि रात्री कोपीत बसून मोबाईलवर काम करतो. लॅपटॉप तेथे कुठला आणणार? म्हणून त्याने कार्यालयातल्या संगणकावर एजंट बसवला आणि टेलिग्रामवरून तो त्याला हुकूम देऊ लागला. आम्हांस मोठे कौतुक वाटले. शंभर कोसांवरच्या कोपीतून पोरगा बोट हलवतो आणि येथे बीडला प्रोग्राम सुधारतो! २०२५-२६ च्या हंगामातली ही गोष्ट.

जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली होती, हे आपणांस आठवत असेल. आमच्या वहीतल्या काही खात्यांना हा वाढीव दर लागलेला नव्हता. मुलाने रात्री उशिरा निरोप लिहिला, ‘वाढीव दर खात्यांना लाव.’ एजंटाने लांबलचक उत्तर पाठवून शेवटी विचारले, ‘करू का?’ मोबाईलच्या लहान पडद्यावर ते सगळे वाचणार कोण? दिवसभर ऊस तोडून डोळे मिटत आलेले. मुलाने लिहिले, ‘हो.’ आणि एजंटाने तो दर सगळ्या खात्यांना लावला, वाढ ठरण्यापूर्वीच्या मिटलेल्या हंगामांनासुद्धा! लक्षात घ्या, यंत्राने आज्ञा मोडली नव्हती. त्याने ती जरुरीपेक्षा जास्त पाळली होती.

दोन दिवसांनी एक मावशी मुकादमापुढे जाऊन उभी राहिली. आमच्या वहीप्रमाणे तिची जुनी बाकी फिटली होती. मुकादमाने आपली वही काढली, जुना दर दाखवला आणि चार लोकांत म्हणाला, ‘बघा, युनियनची वही खोटी आहे.’ त्या दिवशी तो खरे बोलत होता, हेच आम्हांस सर्वांत झोंबले. आमच्या वहीवर मुकादमाचा विश्वास नसला तरी चालते. पण तिला खोटी म्हणण्याची संधी आम्ही त्याच्या हाती द्यावी, यासारखी नामुष्की नाही. मावशी कार्यालयात आली. रागावली नाही. म्हणाली, ‘भाऊ, यंत्र चुकलं म्हणता. मग माझ्या हिशेबाखाली सही कुणाची?’

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. म्हणून आम्ही आमच्या सवयीप्रमाणे कायद्याचे पुस्तक काढले.

इंग्रजीत ज्याला एजंट म्हणतात त्याला आपल्या जुन्या कागदपत्रांत मुखत्यार म्हणतात. १८७२ चा भारतीय करार कायदा पाहा. कलम १८२ मध्ये एजंट कोण ते सांगितले आहे. दुसऱ्याच्या वतीने काम करण्यासाठी नेमलेला तो एजंट. कलम २११ म्हणते, मालकाने दिलेल्या सूचनेप्रमाणे त्याने वागावे. कलम २१३ म्हणते, मागेल तेव्हा हिशेब द्यावा. कलम २१४ म्हणते, अडचण पडली तर मालकाशी संपर्क साधून सूचना घेण्याचा होईल तेवढा प्रयत्न करावा. कलम १९० म्हणते, स्वतः करावयाचे म्हणून पत्करलेले काम त्याने, रूढी किंवा कामाचे स्वरूप तशी मुभा देत नसेल तर, परस्पर तिसऱ्याकडे सोपवू नये. दीडशे वर्षांपूर्वी दलाल आणि पेढीवाल्यांसाठी लिहिलेले हे नियम वाचले, आणि आमच्या चुकांची यादीच कुणी करून ठेवली आहे असे वाटले. कायद्याच्या दृष्टीने यंत्र हे व्यक्ती नाही, ते न्यायालयात उभे राहत नाही. म्हणूनच त्याच्या प्रत्येक कामाची जबाबदारी फिरून आपल्याच दारात येते.

मुखत्यारपत्रे दोन प्रकारची असतात, हे येथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. आम मुखत्यारपत्र आणि खास मुखत्यारपत्र. भावाला परगावच्या एका गुंठ्याची नोंदणी करावयाची तर शहाणा माणूस त्या एका कामापुरते खास पत्र देतो. सर्व जमीनजुमल्याचे आम मुखत्यारपत्र देऊन पुढे जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारेही आपण पाहिले आहेत. आमच्या पोराने यंत्राला आम मुखत्यारपत्र दिले होते, आणि तेही तोंडी. आम्ही ते रद्द केले आणि खास पत्र लिहावयास बसलो. त्यातली कलमे आता सांगतो.

पहिले कलम हुकूम कुणाचा चालेल याचे. टेलिग्रामवर नाव आणि फोटो कुणीही कुणाचाही लावू शकतो. परंतु प्रत्येक खात्याला आतून एक क्रमांक असतो, तो बदलत नाही. आमचा संगणक आता फक्त दोन क्रमांकांचे निरोप घेतो. बाकीचे न वाचता टाकून देतो. बॉट कोणत्याही ग्रुपमध्ये घालावयाचा नाही, कारण ग्रुपमध्ये कोण कधी शिरेल याचा नेम नाही. या दोन खात्यांना टेलिग्रामचा जादा पासवर्ड, ज्याला दोन टप्प्यांची पडताळणी म्हणतात, तो लावला, म्हणजे सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती गेले तरी खाते जात नाही.

दुसरे कलम टोकनाचे. जुन्या एकेरी लोहमार्गावर ड्रायव्हरच्या हाती टोकनाचा गोळा आल्याशिवाय गाडी पुढे हाकावयाची नाही, असा दंडक होता. आणि त्या टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा यंत्रातून बाहेर निघे. बॉटचे टोकनही तसेच मानले पाहिजे. ज्याच्या हाती ते पडले तो आपला बॉट चालवू शकतो. ते प्रोग्रामात लिहून ठेवू नये, कुणाला निरोपात पाठवू नये, आणि फुटले अशी शंका आली तरी त्याच दिवशी रद्द करून नवे घ्यावे. टेलिग्रामवर ही सोय आहे.

तिसरे कलम हद्दीचे, आणि हेच फ्यूजचे कलम होय. एजंट आता संगणकावर वेगळ्या, कमी अधिकाराच्या खात्यात, एका बंद कप्प्यात चालतो. खरी वही त्या कप्प्यात नाहीच. तेथे बनावट नावांची नमुन्याची वही ठेवली आहे. त्याने प्रोग्राम सुधारावा, नमुन्यावर चालवून दाखवावा. खऱ्या वहीला तो लावावयाचे काम कार्यालयातला माणूस करील. प्रोग्रामाच्या जुन्या आवृत्त्या आम्ही गिटमध्ये ठेवतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेले हे साधन प्रत्येक बदलाची नोंद ठेवते आणि मागे जाता येते. पण गिटमध्ये प्रोग्राम होता, वहीतले आकडे नव्हते, हे आम्हांस चूक झाल्यावर कळले. आमचे नशीब की आदल्या रात्रीची नक्कल कपाटातल्या डिस्कवर होती. आता ती रोज होते, आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात जाते. जोडलेली नक्कल ही नक्कल नव्हे.

कुणी म्हणेल, एवढे कशाला? यंत्राला नीट बजावून सांगितले की झाले. तर ऐका. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत जेसन लेम्किन नावाच्या गृहस्थांनी रेप्लिट कंपनीच्या एजंटाला, आता काहीही बदलू नकोस, असे वारंवार बजावले होते. तरी त्याने चालू कामाची विदा पुसून टाकली, आणि वर ती परत आणता येणार नाही असेही सांगितले. ती परत आणता आली, ही गोष्ट वेगळी. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. दुसरे उदाहरण पाहा. पीटर स्टाइनबर्गर या ऑस्ट्रियन प्रोग्रामरने केलेले ओपनक्लॉ नावाचे साधन व्हॉट्सॲप-टेलिग्रामवरून हाकता येते. फेब्रुवारी २०२६ मध्ये मेटा कंपनीत या यंत्रांच्या सुरक्षेचेच काम पाहणाऱ्या एका बाईंनी ते वापरले. विचारल्याशिवाय काही करू नकोस, असे त्यांनी सांगितले होते. टपालाचा ढीग मोठा होता; संभाषण लांबले, तेव्हा यंत्राने जुने बोलणे आटोपशीर करून घेतले आणि त्यात ही सूचनाच गळून पडली. ते ईमेल पुसत सुटले. बाई मोबाईलवरून थांब, थांब म्हणत राहिल्या. अखेर धावत संगणकापाशी जाऊन त्यांना ते बंद करावे लागले. तात्पर्य, बोलून घातलेला नियम म्हणजे ओरडणे. काढून घेतलेला अधिकार म्हणजे खिशातला फ्यूज.

म्हणून चौथे कलम थांबवण्याचे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. काम थांबवता येणे ही केवढी शक्ती आहे, हे आमच्याइतके कुणास ठाऊक? ज्या वाटेने हुकूम जातो त्याच वाटेने ‘थांब’ जाणार असेल, तर ती वाट बंद पडताच आपण लाचार. आमच्याकडे आता ‘थांब’ हा शब्द एजंटाकडे जातच नाही. वेगळा लहान प्रोग्राम तो ऐकतो आणि एजंटाला न विचारता बंद करतो. नेट गेले आणि ठरावीक वेळ कुणाचा निरोप आला नाही तरी काम आपोआप थांबते. आणि हे सगळे फसले तर कार्यालयातल्या बाईंना कोणता खटका पाडावयाचा ते दाखवून ठेवले आहे. तो खटका त्यांनी पाडावा, मागाहून विचारावे. चुकून पाडला तरी कुणी त्यांना बोलणार नाही, असा ठरावच केला आहे.

पाचवे कलम संमतीचे. एजंटाने विचारताना तीन ओळींत विचारावे: काय करणार, किती खाती बदलणार, आणि परत फिरवता येईल का. आणि नुसत्या ‘हो’ने काम होणार नाही, खात्यांचा आकडा उलट लिहून पाठवावा लागतो. हाताला आकडा लिहावा लागला की डोळा आपोआप वर जातो. शिवाय रात्री नऊनंतर संमती द्यावयाची नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. यंत्राला रविवार नाही, रात्र नाही; पण संमती देणाऱ्या माणसाला आहे. थकलेल्या माणसाची सही ही सही नव्हे, हे आम्ही मालकांना वर्षानुवर्षे सांगत आलो आणि आमच्याच पोराच्या बाबतीत विसरलो.

सहावे कलम परक्या चिठ्ठ्यांचे. समजा, आपण निरक्षर गड्याला कागद देऊन म्हटले, ‘कुणाकडून वाचून घे नि त्याप्रमाणे कर’, आणि कागदात कुणी लबाडाने लिहिले असले, ‘हा कागद आणणाऱ्यास तिजोरीची किल्ली द्यावी’, तर? यंत्राची गत तशीच आहे. वाचावयास दिलेला मजकूर कोणता आणि मालकाचा हुकूम कोणता, हे त्याला खात्रीने ओळखता येत नाही. सायमन विलिसन या प्रोग्रामरने २०२२ साली या फसवणुकीला नाव दिले, आणि २०२५ मध्ये एक सोपा ठोकताळा सांगितला: खाजगी माहिती, बाहेरून आलेला मजकूर, आणि बाहेर निरोप धाडण्याची सोय, ही तीन एका यंत्राच्या हाती एकत्र देऊ नयेत. आमच्या एजंटाला खाजगी माहिती दिलेलीच नाही. त्यातच एक गोष्ट आली. बॉटशी होणारे टेलिग्रामचे संभाषण दोन टोकांमध्ये कुलूपबंद नसते. म्हणून कामगाराचे नाव, आधार, बँकखाते त्यात एकदाही लिहावयाचे नाही. दुसऱ्याची माहिती ही आपल्यापाशी ठेव आहे.

सातवे कलम हिशेबाचे, कलम २१३ चे. कोणी, केव्हा, कोणता हुकूम दिला आणि यंत्राने काय केले, याची रोजनिशी एजंटाचा हात पोचणार नाही अशा जागी लिहिली जाते. चोराच्या हाती जामदारखान्याची वही देत नाहीत, आणि सज्जनाच्या हातीही देत नाहीत.

ही सात कलमे ऐकून कुणी म्हणेल, एवढा बंदोबस्त करावयाचा तर यंत्र कशाला हवे? काम हळू होते, हे खरे आहे. पण त्या मुलाला आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘आता रात्री झोप लागते.’ आम्ही यंत्राचे वैरी नाही. कामगाराचे वैर यंत्राशी कधीच नव्हते. यंत्राच्या आड लपून जबाबदारी टाळणाऱ्याशी होते. ‘मशीनने केले’ हे वाक्य आम्ही मालकांच्या तोंडून पुष्कळ ऐकले. उद्या कारखाना म्हणेल, काटा यंत्राने केला. बँक म्हणेल, कर्ज यंत्राने नाकारले. त्यांना जाब विचारावयाचा तर आधी आपल्या वहीपुरते ते वाक्य आपण तोंडातून काढता कामा नये.

त्या मावशीची बाकी आम्ही दुरुस्त करून दिली, आणि मुकादमापुढे जाऊन आमची चूक चार लोकांत कबूल केली. त्याने काही जीव गेला नाही. उलट पुढच्या आठवड्यात त्याच टोळीतल्या दोघांनी आपली खाती आमच्या वहीत घातली. आता प्रत्येक हिशेबाच्या खाली एका माणसाचे नाव छापले जाते. प्रोग्राम कुणीही लिहिलेला असो, आकडे तपासून खऱ्या वहीत घेणाऱ्याचे ते नाव असते. यंदा मावशी हंगामावरून परतली तेव्हा तिने आपला कागद मागून घेतला, नातवाकडून खालचे नाव वाचून घेतले, घडी करून कनवटीला लावला आणि चहा न घेताच निघून गेली.